टायर आधी, सायकल नंतर

सायकलवाल्या मंडळींत टायरचा विषय निघाला की चहा गार होतो. पुढे रुंद हवा की मागे, हवा किती भरायची, चिखलात कुठला चालतो... घरच्यांना यात एवढं बोलण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. काळं रबर, हवा भरा आणि चला! मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण माउंटन बाइकचा इतिहास वाचायला घेतला आणि एक गंमत लक्षात आली. या सायकलचं चाक केवढं असावं हे कुणी प्रयोग करून, गणित मांडून ठरवलेलंच नाही. बाजारात जो टायर मिळत होता, त्याने ते ठरवलं.

गोष्ट सुरू होते १९३३ साली, अमेरिकेतल्या मंदीच्या काळात. शिकागोच्या श्विन कंपनीने मुलांच्या सायकलींना मोटारीसारखे फुगीर 'बलून' टायर लावले. व्यास २६ इंच, रुंदी २.१२५ इंच. पोरांनी पायरीवरून उडी मारली तरी टिकावेत, एवढाच हेतू. डोंगराचा कुणी विचारही केला नव्हता.

चाळीसेक वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुणांनी याच जुन्या सायकली भंगारातून उचलल्या. कारण साधं होतं. रेसिंग सायकलचे बोटभर रुंदीचे टायर डोंगरातल्या दगडमातीत टिकत नव्हते. हे फुगीर टायर टिकत होते. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्सजवळच्या उतारावर त्यांची पहिली शर्यत झाली. त्या उताराचं नाव 'रीपॅक'. खाली पोचेपर्यंत मागच्या ब्रेकमधलं ग्रीस तापून जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून रीपॅक. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही नावं तिथलीच.

१९७७ साली जो ब्रीझने डोंगरासाठी मुद्दाम नवी सायकल बांधायला घेतली. फ्रेम नवी, पण टायर? तो मात्र २६ बाय २.१२५, म्हणजे जुन्या सायकलींचाच, रबराच्या गाठी असलेला. आपल्याकडे बटन टायर म्हणतात तसला. थोडक्यात, टायर समोर ठेवून त्याच्याभोवती सायकल बांधली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची 'स्टम्पजंपर' आली, डोंगरी सायकल कारखान्यात थोक बनू लागली, आणि २६ इंच हा जणू निसर्गनियमच होऊन बसला.

आता यातला मला चटका लावून गेलेला भाग. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जेफ ॲप्स नावाचा माणूस एकट्यानेच हाच प्रश्न सोडवत होता. त्याला मरीनसारखे कोरडे, धुळकट उतार मिळाले नव्हते. त्याच्या वाट्याला होती ओली, चिकट, मुळांनी भरलेली जमीन. भरधाव खाली येण्यापेक्षा चिखलातून न थांबता पुढे सरकत राहणं त्याला महत्त्वाचं होतं. त्याने फिनलंडच्या नोकिया कंपनीचे (हो, पुढे मोबाइलवाली झाली तीच) बर्फासाठीचे 'हाक्कापेलीटा' टायर शोधले आणि १९७९ च्या सुमारास त्यांच्यावर आपली 'रेंज रायडर' उभी केली. हे टायर ६५०बी मापाचे, म्हणजे २६ पेक्षा मोठे. पुढे त्याने त्याहूनही मोठ्या, ७००सी चाकावरही प्रयोग केले. मोठं चाक खड्ड्यात कमी अडकतं हे आपल्याला नवीन नाही. बैलगाडीचं चाक उगाच एवढं मोठं नसायचं.

ॲप्सने हे टायर अमेरिकेत केली आणि फिशर यांना पाठवले. त्यांना ते आवडले, त्यांनी त्यावर सायकली करूनही पाहिल्या. पण फिनलंडहून माल कधी येईल, किती येईल, याचा भरवसा नव्हता. मग राहिलं. मोठं चाक हरलं म्हणून मागे पडलं नाही. माल वेळेवर आला नाही म्हणून मागे पडलं. ॲप्सची क्लेलंड ही कंपनीही १९८४ पर्यंत संपली.

मग पुढची पंधरा-वीस वर्षं सगळी हुशारी २६ इंचांच्या आतच खर्च झाली. अर्थात ती वाया गेली नाही. कोरड्या, घट्ट जमिनीवर गाठी बुटक्या आणि जवळजवळ हव्यात, म्हणजे सायकल पळते. चिखलात त्या उंच आणि विरळ हव्यात, नाहीतर माती मध्ये अडकून चाकाचा लाडू होतो. पुढच्या टायरने वळणावर धरून ठेवायचं असतं, मागच्याने जोर जमिनीत उतरवायचा असतो. म्हणून नव्वदच्या दशकात पॅनारेसरने पुढे 'डार्ट' आणि मागे 'स्मोक' असे वेगवेगळे टायर लोकप्रिय केले. १९९९ मध्ये मॅविक, मिशलॅं आणि हचिन्सन यांनी ट्यूबलेस पद्धत आणली. ट्यूबच नाही म्हटल्यावर ती दगडावर चेपून पंक्चर होण्याची भीती गेली, आणि कमी हवेवर चालवून पकड वाढवता येऊ लागली.

त्याच १९९९ साली डब्ल्यूटीबीचा 'नॅनोरॅप्टर' आला. ७००सी रिमवर बसणारा खराखुरा डोंगरी टायर, म्हणजेच '२९ इंची'. २००७ मध्ये कर्क पॅसेंटीने ६५०बी माप परत आणलं. आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यारोस्लाव कुल्हावीने २९ इंची चाकांवर सुवर्ण जिंकलं. अगदी थोडक्यात दुसरा आलेला निनो शुर्टर ६५०बी वर होता. ॲप्सने तीस वर्षांपूर्वी चिखलात चालवून पाहिलेली दोन्ही मापं सगळ्यांच्या पुढे! आज मोठ्यांच्या नव्या डोंगरी सायकलींत २६ इंची जवळजवळ दिसत नाही.

हे वाचल्यापासून 'सगळे हेच वापरतात' या वाक्याचा माझ्यावर पूर्वीसारखा परिणाम होत नाही. सगळे वापरतात, कारण कधीतरी तेच दुकानात होतं, असंही असू शकतं.

असो. आमच्या भाचेमंडळींपैकी जे सायकल घ्यायच्या बेतात आहेत, त्यांना एवढंच सांगणं. टायर निवडताना कॅटलॉग नंतर उघडा. आधी ज्या वाटेवर जास्त जाणार ती वाट पावसात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा चालून या. बुटाला किती माती चिकटते ते बघा. पुढचं दुकानदाराला सांगता येईल.