डोगा

डोगा : मुंबईत वावरणारा, राज कॉमिक्सच्या हिंदी चित्रकथांतील मुखवटाधारी नायक. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी अवतरला. निर्मात्यांत तरुणकुमार वाही, संजय गुप्ता व चित्रकार मनू. उकिरड्यावर सापडलेल्या सूरजला हलकानसिंह हा डाकू उचलतो आणि क्रौर्यातच वाढवतो. पुढे गुन्हेगारांविरुद्ध लढण्यासाठी सूरज कुत्र्याचा मुखवटा चढवतो व डोगा बनतो. अलौकिक शक्ती नाही; व्यायामशाळेत कमावलेले शरीर, बंदुका, गटारांतून ये-जा आणि हाकेला धावणारी भटकी कुत्री. तो गुन्हेगारांना पोलिसांच्या हवाली न करता ठार मारतो (अमेरिकी चित्रकथांतील पनिशरप्रमाणे; बॅटमॅन मात्र हत्या टाळतो). वाचकांतील मतभेद मुख्यतः या हत्यांवरूनच : काहींना त्यात बालपणीच्या जखमेचा माग दिसतो, काहींना निव्वळ रक्तपात. बालवाचकांसाठी तो भडक, हा आक्षेप अनाठायी नाही. (पहा : चित्रकथा; नागराज; बॅटमॅन).