छायाचित्राची पाठ

जुन्या साहित्यिकांचीं छायाचित्रें जमविणाऱ्यानें चेहऱ्याआधीं पाठ पाहावी, असें म्हटल्यास वाचकांस नवल वाटेल.

छायाचित्रणाची कला जगापुढें आली इ. स. १८३९ मध्यें, ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर १८४६ त वारले. मुंबईंत छायाचित्रणाची संस्था निघाली १८५४ त. म्हणून अस्सल छबी मिळावयाच्या त्या मुख्यत्वें पुढील पिढीच्या. विष्णुशास्त्री चिपळूणकर त्याच पिढीचे. पुण्याची चित्रशाळा १८७८ त काढण्यांत त्यांचा पुढाकार होता. तिच्या शिळाछापांनीं चित्रें घरोघर पोंचलीं. परंतु शिळाछाप म्हणजे चित्रकाराच्या हातची रेघ. छायाचित्र हा प्रत्यक्ष प्रकाशाचा ठसा. हा भेद भिंगाखालीं उमगतो. चेहरा कोणाचा, हें मात्र भिंग सांगत नाहीं. तें कळतें पुठ्ठ्याच्या पाठीवरील छायाचित्रकाराच्या नांवावरून व घरच्या माणसानें लिहिलेल्या दोन ओळींवरून. नव्या चौकटीच्या हौसेनें तो पुठ्ठा सोलून काढला, कीं नामांकित लेखकही अनोळखी गृहस्थ होऊन बसतो.

शिरूर तालुक्यांतील कारेगांवासारख्या गांवीं कोणाच्या पेटींत अशी छबी असेल, तर ओळख सांगणारीं वडील माणसें आहेत तोंवरच तिच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें नांव लिहून ठेवावें. हें काम उद्यांवर टाकण्याजोगें नाहीं.