शीग उतरवलेला कप

मैद्याच्या डब्यात कप खुपसून भरला आणि वरून सपाट केला, तर काट्यावर जवळपास 150 ग्रॅम भरतात. तोच मैदा चाळून चमच्याचमच्याने घातला, तर 120. कप तोच, मैदा तोच. केक मात्र एकदा हलका होतो, एकदा कोरडा ठणठणीत. या 30 ग्रॅमचं कोडं उलगडायचं तर कपाचं मूळ शोधायला हवं.

ते मूळ स्वयंपाकघरात नाही, दारूच्या पिंपात आहे. 1707 मध्ये राणी ॲनच्या इंग्लंडने वाइनचा गॅलन 231 घन इंच ठरवला. त्याचा चौथा भाग म्हणजे क्वार्ट, क्वार्टाचा अर्धा पिंट आणि पिंटाचा अर्धा कप: सुमारे 237 मिलिलिटर. 1824 मध्ये ब्रिटनने हा गॅलन मोडीत काढून दहा पौंड पाण्याचा मोठा गॅलन आणला. अमेरिकेने जुनाच ठेवला. म्हणजे कप जन्मला तोच पातळ पदार्थासाठी. पातळ पदार्थ भांड्यात सपाट बसतो, त्यात हवा कोंडत नाही. पीठ तसं वागत नाही.

आपल्या पायलीची उतरंडही अशीच निम्म्या-निम्म्याने खाली येते: पायलीचे चार शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी. पण हे माप धान्याचं, म्हणून मापाच्या काठावर चढणाऱ्या ढिगालाही आपण नाव दिलं: शीग. शीग लावून मापायचं की काठाबरोबर, हे आधी ठरवूनच व्यवहार होई. शिवाय मापी शेर वेगळा आणि 80 तोळ्यांचा वजनी शेर वेगळा, हे भान बाजारात होतं.

अमेरिकी पाककृतींत हे भान पक्कं करण्यात मोठा वाटा फॅनी फार्मर यांचा. किशोरवयात पक्षाघाताने त्यांचं शिक्षण थांबलं. पुढे त्या बॉस्टनच्या पाककला शाळेच्या प्रमुख झाल्या. 1896 च्या त्यांच्या पुस्तकात चहाचा कोणताही कप चालत नाही, मापाचाच लागतो. पीठ आधी चाळायचं, चमच्याने कपात घालायचं, सुरीने शीग उतरवायची आणि कप हलवायचा नाही. हलवला की पीठ दबतं आणि माप बिघडतं. ‘अक्रोडाएवढं लोणी’ असल्या अंदाजांची जागा या शिस्तीने घेतली. ज्या घरात तराजू नव्हता, त्या घरातही आता केक जमू लागला.

मराठीत हेच काम कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने 1970 मध्ये वाटी-चमच्याने केलं. वाटीचं बळ प्रमाणात आहे: एकाला दोन म्हटलं की वाटी लहान असो वा मोठी, शिरा बिघडत नाही. केकमध्ये मात्र अंडं येतं आणि अंड्याचा आकार वाटीप्रमाणे बदलत नाही. तिथे ठरलेलं मापच लागतं.

म्हणून परदेशी कृती हाती आली की आधी कप कुठला ते पाहावं. अमेरिकेचा 237 मिलिलिटर, ऑस्ट्रेलियाचा 250. तिथला मोठा चमचाही 15 ऐवजी 20 मिलिलिटरचा. मग प्रत्येक जिन्नस वेगळा तोलावा, कारण कप जागा मोजतो, वजन नाही. माझ्या मैद्याच्या डब्याच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवलेली आहे: अमेरिकी 1 कप म्हणजे मैदा 120, साखर 200, लोणी 227 ग्रॅम. खाली लिहिलंय: चाळून, चमच्याने, न हलवता.