काठीचा पाय

दांडीयात्रेच्या छायाचित्रांत गांधीजींच्या हातात दिसणारी काठी त्यांना काकासाहेब कालेलकरांनी दिली होती. काकासाहेबांना ती मिळाली होती कन्नड कवी मंजेश्वर गोविंद पै यांच्याकडून. काठी मलनाडातल्या बांबूची. काकासाहेबांच्या बालपणाच्या आठवणींत बेळगुंदी येते, त्यामुळे बेळगावच्या पश्चिमेच्या या गावाला त्या काठीबद्दल थोडी आपुलकी वाटली तर नवल नाही. १२ मार्च ते ५ एप्रिल १९३० या काळात ती साबरमतीपासून दांडीपर्यंत चालली. दिवस उन्हाळ्याचे आणि वाट कोरड्या धुळीची. तीच काठी जुलैत बेळगुंदीच्या बांधावर टेकवली असती, तर तिचा खरा कस लागला असता.

काठीचं वर्णन करणारे बहुतेक जण मुठीपाशी थांबतात. चांदीची मूठ, वाघाच्या तोंडाची मूठ, नक्षीची मूठ. पण माणूस पडतो तेव्हा मूठ हातातच असते, सरकतं ते खालचं टोक. या टोकाची कुळकथा माणसाच्या पायाखालच्या जमिनीबरोबर चालते. जमीन बदलली की टोक बदलावं लागतं, आणि ते बदलायला उशीर झाला की हाडं मोडतात.

आपल्या भागातली जुनी काठी मेसाची. चंदगड, बेळगाव, सिंधुदुर्ग या पट्ट्यात हा बांबू बांधाबांधावर असतो, कोकणात त्याला माणगा म्हणतात. इतर बांबू आतून पोकळ, हा बराचसा भरीव. म्हणून भार सोसतो, वाकतो पण पटकन मोडत नाही. त्याची खोड एकच. टोक दगडाधोंड्यावर आपटून चिरतं, मग त्याचे तंतू सुटतात आणि खाली केरसुणीसारखा झुपका होतो. त्यावर उपाय म्हणजे शेंबी. मुसळाच्या टोकाला असते तशीच लोखंडाची किंवा पितळेची टोपी, तापवून किंवा ठोकून बसवलेली. शेंबीचं मूळ काम लाकूड फुटू न देण्याचं. घसरू न देणं हा तिचा वरकड गुण, आणि तोही मातीपुरताच. तांबड्या मातीत धातूची कड रुतते, जांभ्याच्या खडबडीत भोकांत अडकते. गुराखी, धनगर, शेतकरी यांना एवढं पुरे होतं. सारवलेल्या सोप्यात मात्र तिचं काम नव्हतं. लोखंडाने जमिनीचे पोपडे निघतात, म्हणून काठी दाराशी उभी राहायची आणि घरात म्हातारं माणूस भिंतीच्या, खांबाच्या आधाराने वावरायचं.

मग सारवलेल्या जमिनीवर शहाबादी आली, तिच्यानंतर मोझॅक, आणि आता आरशासारखी चकाकणारी व्हिट्रिफाइड टाइल. या फरशीत रुतायला जागा नाही. तिच्यावर लोखंडाचं टोक म्हणजे घसरणीला आमंत्रणच. धरून ठेवायचं तर टोकानेच दबून फरशीच्या बारीक उंचसखलपणाशी जुळवून घ्यायला हवं. ते काम रबराचं.

कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने गंधक मिसळून त्याला उष्णता दिली, तेव्हा ते दोन्ही ऋतूंत टिकू लागलं. १८४४ मध्ये त्याला पेटंट मिळालं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकनेही तीच प्रक्रिया आपल्या नावावर केली. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात हे पक्कं रबर कुबड्यांच्या टोकाला पोचलं. आज ते आपल्याला परकं राहिलेलं नाही. घाट उतरून दोडामार्गाकडे गेलं की रबराच्या बागा लागतात.

चालायच्या साधनांचा पुढचा इतिहास युद्धांनी आणि आजारांनी लिहिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, फ्रान्समध्ये एमिल श्लिक याने हाताला आधार देणाऱ्या काठीचं पेटंट घेतलं. काखेतल्या कुबडीला पर्याय मिळाला. त्याच वर्षी मुंबईत जायबंदी सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली, ती पुढे खडकीला गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या बेळगावच्या पंचक्रोशीत सैनिकाचं घर नाही असं गाव विरळा. त्यामुळे ही नावं इथे अनेक घरांना ठाऊक आहेत. चार पायांच्या वॉकरसाठी इंग्लंडमधल्या विल्यम क्रिब्स रॉब याने १९४९ मध्ये अर्ज केला. स्वीडनच्या आयना विफाल्क यांना स्वतःला पोलिओ झाला होता. त्यांनी १९७८ मध्ये चाकांचा वॉकर घडवला. मूठ, उंची, दांड्याचा धातू, घडी घालायची सोय, सगळं सुधारत गेलं. टोकाला मात्र बहुतेक वेळा तोच रबरी बूट राहिला. दवाखान्याच्या कोरड्या, सपाट, पुसलेल्या फरशीसाठी तो पुरेसा होता.

हा बूट कापून पाहिला तर त्यातली अक्कल दिसते. दांडा आत घट्ट बसावा म्हणून वरचा भाग नळीसारखा, आणि खालचा पसरट. दांड्याच्या ॲल्युमिनियमच्या नळीने रबर कापून खाली येऊ नये म्हणून चांगल्या बुटात तळाशी धातूची चकती असते. तळव्यावर गोल कडी असतात. ओल्या फरशीवर रबर आणि फरशी यांच्या मध्ये पाण्याचा पातळ पडदा येतो आणि पकड सुटते, तेव्हा कड्यांमधल्या खाचा पाण्याला बाजूला जायला वाट देतात. काळ्या रबरात काजळी असते, तिने झीज कमी होते. पण ती फरशीवर डाग पाडते, म्हणून करडे बूट आले. काही बुटांची मान लवचीक असते. दांडा कलला तरी तळवा सपाट टेकलेला राहतो, कडेवर उभा राहत नाही.

हा कलच सगळ्यात महत्त्वाचा. ९० सेंटिमीटरची काठी वीतभर पुढे टेकली, तर जमिनीवर आडवा लागणारा जोर उभ्या जोराच्या साधारण पाव असतो. तीच दोन विती पुढे टाकली, तर तो निम्म्याच्या वर जातो. कोरड्या फरशीवर चांगलं रबर एवढं सहज धरून ठेवतं. ओल्या, साबण सांडलेल्या न्हाणीत ते हार मानू शकतं. म्हणून फिजिओथेरपिस्ट ‘काठी जवळ टाका’ असं पुन्हा पुन्हा सांगतात.

आता बेळगुंदीची जमीन पाहू. राकसकोप जलाशयाच्या शेजारचं हे गाव भाताचं आणि रताळ्यांचं, आणि इथला पाऊस सह्याद्रीचा. एकाच सकाळी म्हाताऱ्या माणसाच्या काठीला तीन जमिनी भेटतात. बांधावरच्या चिखलात अरुंद टोक घोट्याएवढं आत जातं आणि पसरट टोक चिखल आत ओढून धरतो. बूट सैल असला तर काठी वर येते आणि बूट खालीच राहतो. देवळाच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. तिथे मऊ रबर निरुपयोगी, काहीतरी टोकदार हवं. आणि घरात शिरल्यावर टाइल असते, तिथे टोकदार काहीही चालत नाही. त्यात भर म्हणजे बाहेरचा तांबडा चिखल बुटाच्या खाचांत भरून आत येतो. खाचा बुजल्या की पाण्याला वाट उरत नाही, आणि महागातला बूटही गुळगुळीत होतो. आपण पाय धुऊन आत येतो, काठीचा पाय मात्र कोणी धूत नाही.

थंड देशांनी त्यांच्या जमिनीपुरता हा पेच सोडवला आहे. कॅनडातल्या किंवा अमेरिकेच्या उत्तरेतल्या मराठी घरांतले आजी-आजोबा हिवाळ्यात काठीला दातेरी खिळ्यांची पट्टी लावतात. बर्फावर ती खाली पाडायची, दुकानात शिरताना वर दुमडायची. आपल्याकडेही जमीन पाहून पाय घडवल्याचं मोठं उदाहरण आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा कृत्रिम पाय बनवला. परदेशी पायाला बूट लागायचा आणि उकिडवं बसता यायचं नाही. हा पाय अनवाणी, चिखलात, शेतात चालला, कारण तो ज्याला लावायचा तो माणूस शेतकरी होता. कुबडीच्या बाबतीत तसा विचार उशिरा सुरू झाला. आयआयटी दिल्लीशी निगडित फ्लेक्समोटिव्ह या कंपनीने २०२० मध्ये आणलेली फ्लेक्समो कुबडी खडबडीत आणि ओल्या जमिनीवर चालावी, याच हेतूने घडवली आहे.

आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २००९ मध्ये काठ्या-कुबड्यांच्या टोकांचं घर्षण कसं मोजावं याचं मानक काढलं, २०११ मध्ये कुबडीच्या टोकांच्या टिकाऊपणाचं. टोक हा स्वतंत्र, जोखमीचा भाग आहे हे त्यामुळे कागदावर तरी मान्य झालं. पण प्रयोगशाळेच्या पृष्ठभागावर जांभ्याचं शेवाळ नसतं आणि खाचांत तांबडी माती नसते. इथली परीक्षा इथेच घ्यावी लागेल. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागात हायड्रॉलिक यंत्रांचे भाग बनतात, आणि तेलाचा दाब सोसणारी रबरी सीलं ही त्या धंद्याची रोजची गरज. रबराचा कडकपणा, खाचेची खोली, नळीचं माप यांची भाषा तिथल्या कारखानदाराला शिकवायला नको. त्याला काठी टेकणाऱ्या माणसापर्यंत नेलं पाहिजे.

तोपर्यंत करण्यासारखं बरंच आहे. राष्ट्रीय वयोश्री योजनेतून २०१७ पासून काठ्या, कुबड्या, वॉकर मिळतात. दांडा वर्षानुवर्षं टिकतो, पण बूट त्याच्या कितीतरी आधी झिजतो. तो बदलायचा असतो हे घेणाऱ्याला त्याच वेळी सांगितलं पाहिजे. १९ मिलिमीटरच्या नळीला २२ चा बूट कापड गुंडाळून बसवू नये. टायरचा तुकडा खिळ्याने ठोकू नये, कारण रबर झिजलं की खिळ्याचं डोकं फरशीला लागतं. तळव्याची कडी दिसेनाशी झाली, एका बाजूला झीज आली किंवा उन्हात पडून रबराला चिरा गेल्या, की बूट टाकून द्यावा. वॉकरचे चारही बूट एकदम बदलावेत. एकच नवा घातला तर वॉकर डुगडुगतो.

आणखी एक गोष्ट बेळगुंदीला पटायला हरकत नाही. पावसाळ्यात कातडी कोल्हापुरी चप्पल कोणी घालत नाही. ती माळ्यावर जाते आणि पावसाळी चप्पल बाहेर येते. काठीलाही तसा पावसाळी बूट हवा: खोल खाचांचा, मऊ रबराचा, मानेत लवचीक, चिखलातून ओढला तरी न निघणारा. मृगाआधी बियाणं घ्यायला बेळगावला जाणाऱ्याने घरातल्या काठीच्या नळीचं माप सोबत न्यावं आणि दोन बूट आणावेत, एक लावायला आणि एक शिल्लक.