गाळाची देणगी

निफाडनजीकच्या नांदूर मध्यमेश्वरास हिवाळ्यात जाणारा प्रवासी दुर्बिणीतून चक्रवाक, रोहित, क्रौंच पाहतो आणि निसर्गाची थोरवी गात परततो. त्याच्या आनंदात विरजण घालण्याची आमची इच्छा नाही. परंतु ज्यास तो निसर्ग म्हणतो त्याचा पाया मनुष्याने घातला आहे, हे त्यास सांगणे आम्हांस अवश्य वाटते.

गोदावरी व कादवा यांच्या संगमाशी विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला गेला, तो पाखरांकरिता खचितच नव्हे. कोपरगावाकडील अवर्षणाने गांजलेल्या शेतांस कालव्यांनी पाणी पोचवावे, एवढाच त्याचा हेतू होता. परंतु नद्यांनी पाण्याबरोबर गाळही आणला. जलाशय उथळ झाला, बेटे वर आली, त्यांवर पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जी तूट, तीच पाखरांची शिदोरी ठरली! १९८६ साली येथे अभयारण्य झाले. रामसर यादीत मान मिळविणारे महाराष्ट्रातील पहिले स्थळ हेच होय.

मग गाळ उपसावा की राहू द्यावा? उपसला तर पाखरांचा आसरा जातो. राहू दिला तर शेतकऱ्याचे पाणी घटते. दोघांचाही हक्क खरा आहे. म्हणून येथे सहलीस येणाऱ्याने पाखरांची नावे अवश्य पाठ करावी. परंतु घरी परतताना हा प्रश्नही बरोबर न्यावा. तो विसरून केलेले कौतुक आम्हांस अपुरे वाटते.