डब्यात काय वाजतं?

‘लहानपणीचे खेळ’ या विषयावर लिहायला सांगितल्यावर वर्गातल्या मुलांनी लगेच लगोरी, गिल्लीदांडू आणि कंच्यांची यादी पाठवली. त्यावर त्यांनीच लिहावं. मला लिहायचंय आम्हा मुलींच्या एका खेळावर. तो मैदानात नाही, तर राजापेठेतल्या ओसऱ्यांवर रंगायचा. भुलाबाईचा खाऊ ओळखण्याचा खेळ! केक आणि फुगे आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीपासून वऱ्हाडातल्या लेकरांची पार्टी हीच होती.

भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि कोजागिरीला निरोप घेते. पुण्याकडे भोंडला किंवा हादगा, खानदेशात गुलाबाई, तशी आपल्याकडे भुलाबाई. तिकडे मधोमध हत्ती मांडून फेर धरतात. आपल्याकडे मातीचे भुलोजी आणि भुलाबाई, मांडीवर बाळ गणपती आणि वर ज्वारीच्या धांड्यांचं मखर. या दिवसांत वऱ्हाडातली ज्वारी पुरुषभर उंच झालेली असते, म्हणून मखरही शेतातूनच येतं. गाणी टिपऱ्यांवर म्हणायची, बहुतेक सासर-माहेरची. भुलाबाई म्हणजे महिनाभर माहेरी आलेली लेकच.

गाणी संपली की खरा खेळ सुरू व्हायचा. घरची मुलगी झाकण घट्ट लावलेला डबा आणून कानाजवळ वाजवायची. मग प्रश्न सुरू: गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? नावात अक्षरं किती? ओळखता आलं नाही तर सगळ्यांनी मिळून ‘हरलो’ म्हणायचं, की डबा उघडायचा. मग तिथून पुढच्या घरी. कोजागिरीला तर बऱ्याच घरी तेहतीस प्रकारचा खाऊ करायची रीत.

या खेळातली गंमत मला फार उशिरा उमगली. आमच्या गल्लीत वकिलांचं घर होतं, कापड दुकानदाराचं होतं, आणि बडनेऱ्याच्या गिरणीत जाणाऱ्यांच्या एका खोलीच्या बिऱ्हाडांतही भुलाबाई बसायची. करंजी, शंकरपाळे, चिवडा हा श्रीमंत खाऊ. पण तो ओळखायला अगदी सोपा, कारण तळणाचा वास आधीच गल्लीभर पसरलेला असायचा. आम्हाला हरवलं ते एका मैत्रिणीच्या भाजलेल्या चिंचोक्यांनी. डबा गारगोट्यांसारखा वाजत होता. आम्ही पंधरा-वीस नावं घेतली आणि शेवटी ‘हरलो’ म्हणालो. त्या वर्षी कोजागिरीपर्यंत तिचाच मान. ज्याला पैसे पडले नाहीत असा खाऊ जिथे वरचढ ठरतो, असा दुसरा खेळ मला माहीत नाही.

भुलाबाईची कथा खेळातूनच सुरू होते. सारीपाटात पार्वतीने शंकराला हरवलं, तो रुसून घराबाहेर पडला, आणि भिल्लिणीचं रूप घेऊन तिने त्याला परत आणलं, असं घरोघर सांगत. म्हणजे हरलेला माणूस घराबाहेर जातो आणि त्याला परत आणावं लागतं. आमच्या खेळाने ही अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवली होती. हरल्यावरही कोणी बाहेर जात नसे, सगळ्यांच्या हातावर सारखाच खाऊ पडायचा.

तरी हा इतिहास गोंडस करून सांगायला नको. मुलांना फेरात जागा नव्हती. काही ओसऱ्यांवर काही घरच्या मुलींना बोलावणंही नसायचं. जात तिथेही होतीच.

खेळांच्या बाबतीत आपलं गाव लहान नाही. १९१४ साली वैद्य बंधूंनी इथे हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपाला आला. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसारखे देशी खेळ करून दाखवले. मैदानी खेळांना नियम मिळाले, पंच मिळाले, स्पर्धा मिळाल्या. ओसरीवरच्या खेळाची मात्र कुठे वही झाली नाही. तो आईकडून मुलीकडे, तोंडातोंडीच आला.

मग शाळेच्या स्नेहसंमेलनात संगीत खुर्ची आली, आणि पुढे वाढदिवसांनाही तीच. मी तिला नावं ठेवत नाही, आपण सगळे त्यात मनापासून धावलो आहोत. पण तिचा हिशेब बघा. दर फेरीत एक खुर्ची कमी, एक लेकरू बाद. बहुतेक वेळा सगळ्यात लहान किंवा बुजरं लेकरू आधी बाद होतं आणि उरलेली पार्टी भिंतीला टेकून बघत बसतं. डब्याच्या खेळात ते बुजरं लेकरूच डबा धरायचं आणि सगळी गल्ली त्याच्या तोंडाकडे बघायची.

आता ओसऱ्या गेल्या, फ्लॅट आले. काही मंडळं भुलाबाईचे कार्यक्रम घेतात, पण मंचावर गाणी होतात आणि खाऊ पाकिटातून वाटला जातो. ओळखायचं काही उरतच नाही.

म्हणून संमेलनाच्या आयोजकांना एक विनंती. दुसऱ्या दिवशी नातवंडांसाठी दोन तास ठेवले आहेत. प्रत्येक कुटुंबाने एक बंद डबा आणावा. विकतचं काही नको, घरातलंच काहीतरी. मुलगे-मुली सगळ्यांना एकाच गोलात बसवा. गुरुजी आणि बाई हजर असतील, तर पहिला डबा त्यांनी वाजवावा. आम्हाला इतकी वर्षं प्रश्न विचारले, आता उत्तरं द्यायची पाळी त्यांची.