सायकल संगणक म्हणून स्मार्टफोन

सायकलच्या हँडलवर किंवा पिशवीत ठेवलेल्या स्मार्टफोनला बिनतारी संवेदक जोडून वेग, अंतर, पायडलची गती व हृदयाचे ठोके नोंदवण्याच्या पद्धतीस स्मार्टफोन-आधारित सायकल संगणक असे म्हणतात. आकडेमोड, नकाशा आणि साठवण ही कामे फोन करतो. संवेदकाने केवळ फेऱ्या मोजून त्या कळवायच्या असतात. त्यामुळे ही व्यवस्था उपग्रह-नकाशा असलेल्या स्वतंत्र सायकल संगणकापेक्षा बरीच स्वस्त पडते.

पार्श्वभूमी

चाकाच्या फेऱ्यांवरून अंतर दाखवणारे यांत्रिक उपकरण अमेरिकेतील कर्टिस व्हीडर यांनी १८९५ मध्ये तयार केले. पुढे तारेने जोडलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणे आली. २०१० मध्ये अल्प ऊर्जेवर चालणाऱ्या ब्लूटूथ ४.० चे मानक प्रसिद्ध झाले. २०११ च्या आयफोन फोर-एसमध्ये आणि २०१३ च्या अँड्रॉइड ४.३ प्रणालीत त्याची सोय झाल्यावर संवेदक थेट फोनला जोडता येऊ लागले.

संवेदकांचे प्रकार

वेगाचा संवेदक चाकाच्या हबवर बसवतात, तर पायडलच्या मिनिटागणिक फेऱ्या मोजणारा संवेदक क्रँकच्या दांड्यावर बसवतात. हृदयगतीसाठी छातीचा पट्टा वापरतात. यांपैकी बहुतेकांना सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा बटणासारखा सेल लागतो. संदेशवहन ब्लूटूथ अथवा अँट प्लस या पद्धतीने २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात होते. अनेक फोनमध्ये अँट प्लसची सोय नसते. म्हणून खरेदीपूर्वी संवेदकात ब्लूटूथ आहे किंवा नाही, तसेच निवडलेले ॲप बाह्य संवेदक स्वीकारते किंवा नाही, हे पाहणे आवश्यक ठरते.

अचूकता

वेगाचा संवेदक अंतर मोजत नाही, तो फेऱ्या मोजतो. फेऱ्यांना चाकाच्या परिघाने गुणून अंतर काढले जाते. ७००×२५ टायरचा परीघ साधारण २,१०५ मिलिमीटर आणि ७००×२८ चा साधारण २,१३६ मिलिमीटर असतो. टायर बदलूनही ॲपमधील जुना आकडा तसाच राहिल्यास २०० किलोमीटरच्या प्रवासात सुमारे तीन किलोमीटर कमी नोंदले जातात. हवा भरून, सायकलवर बसून चाकाची एक पूर्ण फेरी जमिनीवर मोजणे हा परीघ काढण्याचा खात्रीचा उपाय आहे.

संवेदकाविना फोन उपग्रहांवरून वेग काढतो. मोकळ्या रस्त्यावर ते पुरेसे असते. मात्र नागपुरात वर्धा मार्गावर रस्ता, त्यावर उड्डाणपूल व त्याहून वर मेट्रो अशी ३.१४ किलोमीटर लांबीची दुमजली रचना आहे. अशा छताखाली उपग्रहांचे संदेश अडतात व नोंदलेला मार्ग भरकटू शकतो. चाकावरील संवेदकाची मोजणी तेथेही चालू राहते.

नागपुरातील वापर व मर्यादा

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली. दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगमधील ब्रेव्हे प्रकारात २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मर्यादा असते. अशा प्रवासात नकाशा आणि सरासरी वेग सतत लक्षात घ्यावा लागतो, आणि पडदा अखंड चालू ठेवल्यास फोनची बॅटरी लवकर संपते.

विदर्भातील उन्हाळा ही दुसरी अडचण होय. ॲपलने आयफोनच्या वापरासाठी शून्य ते ३५ अंश सेल्सिअस तापमान सुचवले आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. थेट उन्हात तापलेला फोन पडदा मंद करतो किंवा काम थांबवतो. यावर पहाटेचा प्रवास, नकाशा आधीच उतरवून ठेवणे, पडदा बंद ठेवून नोंद चालू ठेवणे आणि सोबत पॉवर बँक बाळगणे हे उपाय केले जातात.

अपघात झाल्यास ११२ या आपत्कालीन क्रमांकावर संपर्क साधण्याचे साधनही हाच फोन असतो. त्यामुळे लांबच्या व एकट्याने केलेल्या प्रवासात नोंदीपेक्षा बॅटरी राखण्यास प्राधान्य देणे, अथवा मोजणीसाठी साधे स्वतंत्र मीटर वापरून फोन राखून ठेवणे अधिक सुरक्षित असते.